दोन पात्रं, एक खोली आणि उघडं दार

प्रश्न: मी पूर्ण लांबीची पटकथा लिहिली आहे. पात्रं दोनच, सासू आणि तिची घटस्फोट घेतलेली सून. ज्या मुलामुळे त्या एकमेकींच्या आयुष्यात आल्या, तो दोघींनाही सोडून गेला आहे. घर दोघींच्या नावावर आहे. तीन वर्षांनी सून विक्रीच्या कागदावर सासूची सही घ्यायला येते, पावसाचं पाणी चढतं आणि वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघींना रात्र काढावी लागते. १०२ पानं झाली आहेत. वाचणारे म्हणतात, "नाटक वाटतं." चाळिसाव्या पानानंतर गोष्ट जागची हलत नाही, हे मलाही जाणवतं. फ्लॅशबॅक घालू का? की तिसरं पात्र आणू? पहिली वीस पानं सोबत पाठवली आहेत.

उत्तर:

दोन्ही नको. दोन्ही उपाय खोलीबाहेर पळण्याचे आहेत आणि खोली लहान असणं ही तुमची अडचणच नाही. पहिल्या पानांवर त्या दोघी खोलीत थांबतात, कारण खाली पाणी आहे. तुमच्या सांगण्यावरून शंभराव्या पानावरही त्या थांबल्यात, कारण खाली पाणी आहे. कारण बदललंच नाही, म्हणून गोष्ट हलत नाही.

हे मला एका नटीने शिकवलं. माझ्या पहिल्या बंदिस्त पटकथेचं वाचन चालू होतं. एका फ्लॅटमधली दोन माणसं, एक दुपार ते दुसरी सकाळ. सव्विसाव्या पानावर तिने वाचन थांबवलं आणि विचारलं, "मी इथून जात का नाही?" मी म्हटलं, पुढे कळतं. ती म्हणाली, "प्रेक्षकाला पुढे कळू दे, मला आत्ता कळायला हवं. दार समोर आहे, चपला पायात आहेत, हा माणूस मला एवढं बोललाय. मी का थांबते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी प्रत्येक पानाच्या समासात एकच ओळ लिहायला बसलो: ती आत्ता का जात नाही? नव्वद पानांपैकी जेमतेम वीस पानांवर मनापासून काही लिहिता आलं. बाकीच्या पानांवर ती थांबली होती, कारण मला सीन पुरा करायचा होता. तेव्हापासून कमी पात्रांची कुठलीही पटकथा हातात आली, माझी असो वा दुसऱ्याची, मी आधी समासात हाच प्रश्न लिहितो.

बंदिस्त गोष्टीत कुलपं दोन असतात. एक बाहेरून लागलेलं असतं: पूर, बिघडलेली लिफ्ट, कर्फ्यू, बर्फ. दुसरं माणसांच्या आतलं. बाहेरचं कुलूप प्रेक्षक लगेच मान्य करतो, त्याला पुरावा लागत नाही. पण त्याचा जोर फार टिकत नाही. माझ्या अनुभवात ते चित्रपटाचा पहिला एक तृतीयांश हिस्सा ओढून नेतं. पुढे प्रेक्षकाच्या मनात नुसती वाट बघणं सुरू होतं, पाणी कधी ओसरतंय याची. आणि प्रेक्षक पाणी ओसरायची वाट बघतोय म्हणजे तो तुमच्या पात्रांकडे बघत नाहीये.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) याच नजरेने पुन्हा बघा. हिंदीत त्यावरून बासू चॅटर्जींनी 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) केला, तो बघितलात तरी चालेल. खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी आहे का हे ठरवायला बारा ज्युरींना एका खोलीत बसवून बाहेरून दार बंद केलं जातं. हे झालं बाहेरचं कुलूप. पण त्याची किल्ली पहिल्या मिनिटापासून आतच आहे. सगळ्यांचं एकमत झालं की सगळे मोकळे. अकरा जण 'दोषी' म्हणतात, एक जण 'नाही' म्हणतो. त्या एकाने हात वर केला असता तर पाच मिनिटांत सगळे घरी गेले असते. कुणाच्या खिशात सामन्याचं तिकीट आहे, कुणाला उकाडा सहन होत नाही, आणि तरी ते बसून राहतात. प्रत्येक मतदानाबरोबर बसून राहण्याचं कारण एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकतं. सुरुवातीला एकामुळे अकरा जण अडकले होते, शेवटी दुसऱ्याच एकामुळे अडकतात. मूळ लेखन रेजिनाल्ड रोझ यांचं, १९५४ साली टेलिव्हिजनवर थेट सादर झालेल्या नाट्यासाठी केलेलं. तीच बांधणी पडद्यावर ९६ मिनिटं पेलते.

आता तुमच्या पटकथेकडे येतो. मी तुमच्या जागी असतो तर पाणी पंचेचाळिसाव्या पानाच्या आसपास ओसरू दिलं असतं.

तुम्ही दचकाल, कारण सगळा डोलारा त्या पाण्यावर उभा आहे असं वाटतं. पण पाणी शेवटपर्यंत ठेवलंत तर तुम्हाला कधीच कळणार नाही की या दोघी एकमेकींसाठी थांबतात का. प्रेक्षकालाही कळणार नाही. जवळीक म्हणजे जाता येत असताना न जाणं, एवढी एकच व्याख्या मला पटकथेच्या कामाला आलेली आहे. दार बंद असताना दोन माणसं बोलतात ती गरज असते. दार उघडं असताना बोलली तर ती त्यांची निवड.

आणि पाणी ओसरलंय हे एकीलाच कळू द्या. सासूला. ती त्या घरात अनेक वर्षं राहिलेली आहे. जिन्याच्या कितव्या पायरीला पाणी लागलं की कसा आवाज येतो हे तिच्या कानांना माहीत आहे. तो आवाज थांबतो तेव्हा तिला बघावंही लागत नाही. सून तेव्हा झोपलेली असू दे.

याच ठिकाणी दुसरी गोष्ट करा. सून झोपलेली असताना सासू कागदावर सही करते, कागद पुन्हा पाकिटात घालते आणि पाकीट होतं तिथे ठेवते. कुणालाही सांगत नाही. तुम्ही सही शेवटच्या पानासाठी राखून ठेवली असणार, सगळेच ठेवतात. पण सही मिळेल का, या प्रश्नात साठ पानांचा जीव नाही. उत्तर दोनच, मिळेल किंवा नाही. सही झालेली आहे, रस्ता मोकळा आहे, हे फक्त त्या बाईला आणि प्रेक्षकाला माहीत आहे. आता मात्र उरलेल्या प्रत्येक सीनमध्ये काहीतरी धडधडत राहतं. सून सहीसाठी गोड बोलते, रागावते, जुनं उकरून काढते, आणि आपण सासूच्या चेहऱ्याकडे बघत असतो: आता सांगेल, आता सांगेल. ती का सांगत नाही? सांगितलं तर मुलगी जाईल. हे आतलं कुलूप आणि याची किल्ली सासूने स्वतः लपवलेली आहे.

यातून माहितीचा मुद्दा येतो. कमी पात्रांच्या गोष्टीत लेखकाला रहस्य लपवून ठेवण्याची फार ओढ लागते, कारण घटना कमी असतात. सत्तराव्या पानावर काहीतरी उघड करायचं म्हणून दोन्ही पात्रांना माहीत असलेली गोष्ट आपण सत्तर पानं प्रेक्षकापासून दडवतो. त्यासाठी ती माणसं बोलताना विचित्रपणे त्या गोष्टीला वळसा घालत राहतात आणि प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसतो. मी कागदावर चार रकाने पाडतो: पहिलीला काय माहीत आहे, दुसरीला काय माहीत आहे, दोघींना माहीत असून दोघी बोलत नाहीत असं काय, आणि प्रेक्षकाला काय माहीत आहे. दर दहा पानांनी हे रकाने पुन्हा भरतो. सलग दोन वेळा चारही रकाने तसेच राहिले तर मधली दहा पानं कितीही सुंदर असोत, ती जातात. तिसरा रकाना सगळ्यात मौल्यवान. तुमच्या गोष्टीत तिथे मुलगा बसलाय. तो कसा होता हे दोघींना पक्कं ठाऊक आहे आणि दोघीही त्याच्याबद्दल खरं बोलत नाहीत.

फ्लॅशबॅक नको म्हणतो ते याचमुळे. मुलगा घर सोडून गेला त्या दिवसाची सासूची आठवण आणि सुनेची आठवण एक नाही. दोघी आपापली हकिगत सांगतात तेव्हा तो प्रसंग त्या खोलीत पुन्हा घडतो, आणि या वेळी त्याचा निकाल लागलेला नसतो. फ्लॅशबॅक दाखवलात की कॅमेऱ्याने निकाल देऊन टाकला. मग दोघींपैकी एक खोटी ठरते आणि वाद संपतो.

आता "नाटक वाटतं" या तक्रारीकडे. ही तक्रार ऐकली की लेखक घाबरून लोकेशन वाढवतो, गच्चीवरचा सीन घालतो, गाडीतला सीन घालतो. त्याने काही होत नाही, कारण तक्रार जागेबद्दल नसतेच. नाटकातलं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं लागतं, म्हणून ते भावना उचलून धरतं, आणि ते नाटकाचं बळ आहे. पडद्यावर कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. तिथे तेच वाक्य ओरडल्यासारखं लागतं. शिवाय रंगमंचावर कुणाकडे बघायचं हे प्रेक्षक ठरवतो. सिनेमात बोलणाऱ्याचा आवाज चालू ठेवून ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवता येतो. म्हणून मी प्रत्येक लांब संवाद लिहिताना ऐकणारीच्या बाजूने लिहितो. ती काय करते, कुठल्या शब्दाला हात थांबतो, कुठे ती मुद्दाम दुसरीकडे बघते.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. एका खोलीतला सिनेमा म्हणजे बोलण्याचा सिनेमा, अशी आपली समजूत झाली आहे. पण मोजक्या माणसांची, बंद घरातली जर्मन चित्रपटांची परंपरा उभी राहिली ती मूकपटांच्या काळात. कार्ल मायर यांनी लिहिलेला आणि लुपू पिक यांनी दिग्दर्शित केलेला 'शेर्बेन' (१९२१) रेल्वेच्या एका चौकीदाराच्या कुटुंबात घडतो आणि त्यात पडद्यावर लिखित संवाद येतो तो एकदाच. त्याआधी नाटकातही हा विचार रुजलेला होता. स्वीडिश नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यांनी १९०७ साली स्टॉकहोममध्ये छोटं 'इंटिमेट थिएटर' सुरू केलं आणि त्यासाठी लिहिलेल्या नाटकांना 'चेंबर प्ले' हे नाव दिलं ते चेंबर म्युझिकवरून, म्हणजे लहान खोलीत वाजवायच्या संगीतावरून. वाद्यं मोजकी, श्रोते जवळ, म्हणून प्रत्येक वाद्याचा श्वाससुद्धा ऐकू जातो. तुमच्या दोघींकडे त्या कानांनी बघा.

तुमच्या अकराव्या पानावर हे आहे:

सून: तीन वर्षं झाली मला या घरातून जाऊन, पण तुमच्या मनात मी अजूनही परकीच आहे.

सासू: परकी तू स्वतःला करून घेतलंस. माझ्या मुलाने चूक केली म्हणून मी गुन्हेगार ठरले का?

वाक्यं वाईट नाहीत, खरीही आहेत. पण दोघींनी आपलं सगळं दुःख अकराव्या पानावर मोजून टेबलावर मांडलं. आता पुढची नव्वद पानं त्या काय करणार? मी हाच क्षण असा लिहून बघितला:

सासू कागद डोळ्यांपासून लांब धरते. मग जवळ आणते.

सासू: फार बारीक छापलंय.

सून उठते. न बघता कपाटाचा डावा खण ओढते, हात आत घालते. थांबते. खणात मेणबत्त्या आहेत.

सासू: चष्मा आता उशीजवळ असतो.

सून खण बंद करते. मग पुन्हा उघडते आणि एक मेणबत्ती काढून घेते.

सून: लाइट जाईल असं वाटतंय.

एवढंच. तिच्या हाताला अजून या घराची सवय आहे. घराने मात्र तिच्या पाठीमागे वस्तूंच्या जागा बदलल्या आहेत. ते तिला लागलं आणि लागलेलं झाकायला तिने मेणबत्ती उचलली. सासूने ते पाहिलं. 'परकी' हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण प्रेक्षकाच्या मनात तोच आला असेल. शिवाय मेणबत्ती हाती लागली, ती पुढे घड्याळाचं काम करेल. रात्र किती उरली हे कुणी बोलून दाखवायला नको, मेणबत्ती किती उरली ते दिसेल.

आता कंसातल्या सूचनांकडे बघा. "तिला वाईट वाटतं", "तिच्या डोळ्यांत जुन्या आठवणी दाटतात" अशा ओळी तुमच्या वीस पानांत बऱ्याच आहेत. त्या सगळ्या काढा. नुसतं "शांतता" लिहू नका. शांततेत कोण काय करतं ते लिहा. शांतता मोजता येत नाही, पण चष्म्याची काच पदराला तीनदा पुसलेली मोजता येते.

संबोधनावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात हे फार मोठं हत्यार आहे आणि बंद खोलीत ते सगळ्यात धारदार चालतं. तुमच्या वीस पानांत 'आई' हा शब्द चौदा वेळा आलाय, मी मोजला. लग्न झाल्यापासून ती सासूला आई म्हणत असणार, म्हणून तुम्ही सवयीने लिहून गेलात. पण थांबा. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. ती आता या बाईला काय म्हणते? 'आई' म्हणण्याचा हक्क तिने कागदावर सोडला आहे. 'काकू' म्हणणं क्रूर होईल, नावापुढे 'बाई' लावणं त्याहून. तिच्या तोंडात हाक मारायला शब्दच उरलेला नाही. मग ती काय करेल? हाक मारणं टाळेल. जवळ जाऊन बोलेल, म्हणजे हाक मारावी लागणार नाही. "ऐकलंत का" म्हणेल. नुसतं "तुम्ही" वर भागवेल. चाळीस पानं तिला एकदाही हाक मारू देऊ नका. प्रेक्षकाला कदाचित लक्षातही येणार नाही, पण काहीतरी अवघडलेलं आहे हे जाणवत राहील.

मग 'आई' एकदाच येऊ द्या, आणि मोठ्या रडण्याच्या सीनमध्ये अजिबात नको. अंधारात म्हातारी उठते, पाय अडखळतो आणि सून पटकन म्हणते, "आई, सावकाश." तोंडातून निसटतं. दोघीही त्यावर काही बोलत नाहीत. पण त्यानंतर तिला पुन्हा "ऐकलंत का" वर जाता येत नाही आणि 'आई' वरही राहता येत नाही. ती अडचण पुढची कितीतरी पानं चालवेल. सासूच्या बाजूलाही बघा. ती सुनेला 'तू' म्हणते. रागात ती "तुम्ही लोक" म्हणेल, म्हणजे एका माणसाला गर्दीत ढकलून देईल. हे बदल संवादात फक्त एक-दोन शब्दांचे असतात आणि आख्ख्या परिच्छेदाचं काम करतात.

यालाच जोडून: संवादाच्या वर पात्रांची नावं म्हणून तुम्ही 'सासू' आणि 'सून' असंच लिहिलंय. दोघींना आजच नावं द्या. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर 'सासू' दिसली की आपला हात आपोआप तिला सासूसारखं बोलायला लावतो.

तिसऱ्या पात्राबद्दल एक साधा हिशोब सांगतो. दोन पात्रं असली की खोलीत माणसं असण्याच्या तऱ्हा तीनच: ही एकटी, ती एकटी, दोघी. तिसरं पात्र आलं की त्या सात होतात, चौथं आलं की पंधरा. म्हणून लेखकांना तिसरं पात्र हवंसं वाटतं आणि ते चुकीचंही नाही. पण तुम्ही तुमच्या तीनपैकी दोन तऱ्हा वापरल्याच नाहीत. पाठवलेल्या वीस पानांत दोघी सतत समोरासमोर आहेत. एक क्षणही कुणी एकटी नाही. खोली एकच असली तरी माणूस एकटा पडू शकतो. दुसरी झोपते, न्हाणीघरात जाते, खाली पाणी बघायला जिन्यावर जाते. कुणी बघत नसताना सून त्या खोलीत काय करते? कशाला हात लावते, कशाला लावत नाही? सासू झोपलेल्या सुनेकडे किती वेळ बघते, आणि ती हलली की कुठे बघायला लागते? माणूस एकटा असताना जे करतो ते प्रेक्षकाला सांगून टाकलेलं गुपित असतं. दोन्ही तऱ्हांचे किमान दोन-दोन प्रसंग मिळाले नाहीत तर तिसऱ्या पात्राचा विचार करा. मला वाटतं, मिळतील.

आणि तिसरं माणूस तुमच्याकडे आहेच, तो मुलगा. तो दिसायला नको. १९६४ च्या 'यादें'मध्ये पडद्यावर सुनील दत्त जवळजवळ एकटेच आहेत, बाकीची माणसं आवाजांतून आणि सावल्यांतून येतात, आणि तरी घर माणसांनी भरलेलं वाटतं. तुमच्या मुलाचा फोन येणार असेल तर एकदाच येऊ द्या, आणि त्याचा आवाज फोन कानाला लावणारीलाच ऐकू जाऊ द्या. दुसरीला आणि प्रेक्षकाला फक्त फोन धरलेला चेहरा. तो स्पीकरवर टाकलात तर तो तिसरा माणूस खोलीत येऊन बसेल आणि दोघी त्याच्याशी भांडायला लागतील. त्याच्याशी भांडण हा दोघींसाठी सोपा मार्ग आहे, तो त्यांना देऊ नका.

खोलीचा नकाशा काढा. खरोखर, कागदावर, दार कुठे, खिडकी कुठे, पलंग कुठे, कपाट कुठे. मग प्रत्येक सीनमध्ये दोघी कुठे आहेत ते पेन्सिलीने जोडत जा. सगळ्या रेषा पलंगाभोवती गोळा झाल्या तर तुमचा दिग्दर्शक तिसऱ्या दिवशी शॉट शोधत बसेल. माझ्या एका पटकथेत असंच झालं होतं. सगळे महत्त्वाचे प्रसंग मी एकाच टेबलाभोवती लिहिले होते आणि एडिटमध्ये कुठला प्रसंग आधीचा, कुठला नंतरचा हे चेहरे बघून कळेना. आता मी खोलीचे भाग पाडतो आणि प्रत्येक भागाला स्वभाव देतो. तुमच्याकडे खिडकी आहे, तिथे बाहेरच्या जगाबद्दल बोलणं होईल. पलंग सासूचा, तिथे सून पहिली तीस-चाळीस पानं बसणार नाही. आणि जिन्याचा वरचा कठडा. मला ती जागा सगळ्यात जास्त आवडली, कारण ती आतही नाही आणि बाहेरही नाही. ती उधळू नका, तीन वेळाच वापरा.

प्रकाशाचंही पटकथेतच ठरवा, कॅमेरामनवर सोडू नका. हिचकॉक यांच्या 'रोप' (१९४८) मध्ये सगळी गोष्ट एका घरात आणि फार लांब टेक्समध्ये, म्हणजे कॅमेरा न थांबवता घेतलेल्या शॉट्समध्ये घडते, पण मोठ्या खिडकीबाहेरचं आकाश हळूहळू मावळत रात्रीत जातं. जागा तीच राहते, वेळ मात्र डोळ्यांसमोर सरकते. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये सिडनी ल्यूमेट यांनी कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मग पातळीवर आणला आणि शेवटी खाली नेला, शिवाय लेन्स लांब पल्ल्याच्या होत गेल्या, त्यामुळे भिंती जवळ सरकत आल्यासारख्या वाटतात. हे दिग्दर्शकाचं काम खरं, पण खोलीचा स्वभाव बदलत जातो हे लेखनात असेल तरच त्याला ते सुचतं. तुमच्याकडे ट्यूबलाइट, मग मेणबत्ती, मग अंधार, मग पहाट एवढं सगळं आहे. लाइट कुठल्या वाक्यावर जाते ते ठरवा.

लांबी कमी करा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात, पण दोन माणसांच्या रात्रीत थांबे इतके असतात की पान मिनिटापेक्षा लांबतं. १०२ पानांचे दोन तास सहज होतील. 'रोप' ८० मिनिटांचा आहे. तुम्ही ८५ पानांच्या आत या. आणि एका खोलीत स्वस्तात होईल, असं समजून लिहू नका. पाणी, मेणबत्त्या, रात्र, सिंक साउंड (शूटिंगच्या वेळीच आवाज रेकॉर्ड करणं) हे सगळं वेळ खातं. एक फायदा मात्र मोठा आहे: एकच जागा असल्यामुळे शूटिंग पटकथेच्या क्रमानेच करता येतं आणि नटींचा थकवा खरा असतो. निर्माता भेटला की हे आवर्जून मागा.

पुन्हा लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानापासून सुरू करू नका. मधला प्रसंग आधी लिहा. मेणबत्ती निम्म्याहून खाली आली आहे. सासूने सही करून पाकीट सुनेच्या पिशवीशेजारी ठेवलंय. ती जिन्याच्या कठड्याशी उभी राहून खाली बघते. पायऱ्या ओल्या आहेत, चिखल आहे, पण पाणी नाही. दार दिसतंय. ती परत येऊन पलंगाच्या कडेला बसते. सून कूस बदलते, डोळे न उघडता विचारते, "पाणी ओसरलं का?"

सासू पाय वर घेते. पांघरूण सुनेच्या पायांवर सरकवते.

"नाही अजून. झोप तू."